मोशेचं मरण कुणी लिहिलं?

पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा माझं वय सव्वीस होतं. यजमान त्याच कारखान्यात टर्नर होते. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं आणि घरात आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणत असे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

कॉलनीत सगळीकडचे लोक येऊन पडले होते. कुणी बीडकडचे, कुणी साताऱ्याचे, कुणी चिपळूणचे. आमचंही आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. मी साडी नेसायची, मंगळसूत्र घालायची, फक्त कुंकू लावत नव्हते. तेवढ्या रिकाम्या कपाळावरून लोकांना प्रश्न पडायचा. बहुतेक जण तो मनातच ठेवायचे. पिंपळे गुरवच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र तो तोंडावर विचारला.

त्यांचा मुलगा आमच्याकडे हेल्पर होता. बाईंच्या पायाला एक जखम झाली होती, भरतच नव्हती. आठवड्यातून तीन दिवस त्या नदी ओलांडून दवाखान्यात ड्रेसिंगला येत. सगळा गाव त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. एके दिवशी मी पट्टी सोडत असताना त्या माझ्या कपाळाकडे बघत म्हणाल्या, "बाई, तुमी किरिस्ताव का?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही मावशी. आम्ही बेने इस्राएल. यहुदी म्हणतात आम्हाला."

"आस्सं. तुमच्यात पोथी असती का?"

"असते की. तोरा म्हणतात तिला."

"कंच्या बोलीत?"

"हिब्रू."

"वाचाया येती तुमास्नी?"

मी जखमेवरचा कापूस काढत होते. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की जमलं नाही. "नाही येत," मी म्हटलं. "पुण्याला आमची मशीद आहे, तिथले हज्जान वाचतात." आमच्या प्रार्थनेच्या जागेला आमच्यात पूर्वीपासून मशीदच म्हणत, आणि प्रार्थना चालवणाऱ्याला हज्जान.

"मग लिवली कुणी?"

हे मला येत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. "मोशेनं. देवानं डोंगरावर सांगितली आणि त्यानं लिहिली."

"त्यो हाय आजून?"

"नाही हो. हजारो वर्षं झाली. तो मेला ते पण पोथीतच आहे. शेवटच्या अध्यायात."

मावशींनी पाय मागे ओढला. "आता गं! मेला ते बी त्येनंच लिवलं? मेल्याव कसं लिवंल मानूस?"

शेजारच्या बाकावर बसलेला कंपाउंडर हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नवी पट्टी बांधली, पिन लावली, आणि म्हटलं, "मला नाही माहीत. विचारून सांगते."

"इचारा," त्या म्हणाल्या. "चातुर्मासात आमच्या ओसरीवर बाया जमत्यात पोथी ऐकाया. तवा तुमची सांगा. आमी ऐकू."

त्या दिवशी घरी जाताना मला राग आला होता, आणि तो मावशींचा नव्हता. कळायला लागल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, काळ्या मनुकांचं सरबत करून किद्दुशला, म्हणजे शुक्रवारच्या आशीर्वादाला, ठेवलं, मटणात कधी दुधाचा थेंब पडू दिला नाही, नारळाचंच दूध वापरलं. शेमा, म्हणजे देव एकच आहे हे सांगणारी आमची प्रार्थना, आईच्या मांडीवर पाठ झाली होती. पण त्यातला एक शब्द मला कळत नव्हता आणि एक अक्षर ओळखू येत नव्हतं. ज्यांना सही करता येत नव्हती अशा बाईंनी दोन मिनिटांत मला उघडं पाडलं होतं.

जेवताना मी मामंजींना विचारलं. मामंजी आयुष्यभर रेल्वेत होते, कडक स्वभावाचे. त्यांनी घास खाली ठेवला. "असे प्रश्न विचारायचे नसतात. तोरा मोशेनं लिहिली. सगळी. संपलं."

"पण शेवटचा अध्याय..."

"संपलं म्हटलं ना."

यजमान रात्री हळूच म्हणाले, "अगं, कशाला त्यांना डिवचतेस? तुला काय करायचंय?"

"मला वाचायला शिकायचंय," मी म्हटलं. तोपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. बोलून गेले आणि मग ते ठरूनच गेलं.

पुढच्या रविवारी मी चिंचवडहून गाडीनं पुण्याला गेले. हज्जान घाईत होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि पेठेतल्या एका घराचा पत्ता सांगितला. तिथे मुंबईच्या शाळेत हिब्रू शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी राहत. सत्तरीच्या पुढचे, काटक, डोळ्यांना जाड भिंगं. खोलीत एक लोखंडी खाट, दोन खुर्च्या आणि पुस्तकांच्या चवडी.

मी सगळं सांगितलं, मावशींच्या प्रश्नासकट. प्रश्न ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले.

"त्या बाई शिकलेल्या आहेत?"

"नाही. अंगठा लावतात."

"दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मोठमोठ्या पंडितांनी हाच प्रश्न घातलाय," ते म्हणाले. "उत्तर सांगेन. पण आज नाही. आधी अक्षरं शीक. कुणीतरी सांगितलेलं उत्तर घेऊन गेलीस, तर दुसऱ्या प्रश्नाला परत माझ्याकडे यावं लागेल."

"बायकांना शिकवता तुम्ही?"

"नाही शिकवत, असं कुठे म्हटलं? आजवर कुणी आलीच नाही."

तेव्हा सप्टेंबर होता. पुढच्या चातुर्मासाला नऊ-दहा महिने होते. दर रविवारी सकाळी यायचं, घरी रोज एक तास लिहायचं, अशी त्यांची अट. मी कबूल केली.

ते एक वर्ष सोपं गेलं नाही. अक्षरं उजवीकडून डावीकडे. अलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. दवाखान्यात रद्दी झालेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी ती गिरवायची. रविवार हा घरातला धुण्याचा दिवस, म्हणून धुणं शनिवारी पहाटे उरकायला लागले, तर मामंजी चिडले. शब्बाथच्या, आमच्या विसाव्याच्या दिवशी काम! मग गुरुवारी उरकायला लागले. कामाची पाळी बदलली की झोपेचं खोबरं व्हायचं. दोनदा ताप अंगावर काढून गेले. यजमानांनी कधी अडवलं नाही, पण सोबतही केली नाही. मामंजी रविवारी सकाळी मुद्दाम माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे.

चौथ्या महिन्यात मी शेमाची पहिली ओळ छापील पुस्तकातून स्वतः वाचली. पाठ असलेला शेवटचा शब्द अक्षरं बघून उच्चारला आणि गुरुजींनी टेबलावर हात आपटला.

"काय वाचलंस?"

मी परत वाचलं.

"दालेथला रेश केलास तू! कोपरा बघ त्याचा. दालेथला टोक असतं, रेश गोल वळतो. दालेथ वाचलंस तर शब्द होतो 'एक'. रेश वाचलंस तर होतो 'दुसरा'. देव एक आहे म्हणायचं, तिथे देव दुसरा आहे म्हणालीस." मग ते शांत झाले. "तुझी एकटीची चूक नाही. लिहिणारेसुद्धा घाबरायचे म्हणून कातड्यावर लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत हा दालेथ मुद्दाम मोठा लिहितात."

असं ते शिकवायचे. एका अक्षरापाशी थांबायचे आणि त्यातून दोन हजार वर्षं उलगडायचे. एकदा त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कातड्याचं एक जुनं पान काढलं. कधीकाळी एका गुंडाळीचा भाग होतं, आता शाई उडाली होती. आमच्यात पवित्र लिखाण फाटलं तरी फेकत नाहीत, माणसासारखं पुरतात. ते पान पुरायचं राहिलं होतं. मी वाकून पाहिलं आणि गडबडले. अक्षरं होती, पण त्यांच्याखाली स्वरांच्या खुणाच नव्हत्या. कुठे पूर्णविराम नाही.

"हे वाचायचं कसं?"

"ऐकलेलं असलं तरच वाचता येतं," गुरुजी म्हणाले. "क, म, ल एवढंच लिहिलंय समज. कमल की कमाल की कोमल? ज्यानं आधी कुणाच्या तोंडून ऐकलंय त्यालाच कळणार. लिहिलेली तोरा एक आणि तोंडची तोरा एक, असं आपले लोक म्हणतात. एक दुसरीशिवाय मुकी. स्वरांच्या खुणा फार मागाहून आल्या. तोंडची परंपरा विसरली जाईल अशी भीती वाटली तेव्हा."

उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी मला माझ्या प्रश्नापर्यंत आणून सोडलं. मी काय काय शिकले होते त्याचा हिशेब त्यांनी तोंडी घेतला. मेंढरं हाकणाऱ्या लोकांच्या कथा, पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी चाललेल्या. मिसरची, म्हणजे इजिप्तची, गुलामी, तिथून सुटका, डोंगरावर देवाशी झालेला करार. मग राजे, यरुशलेमचं देऊळ, देवळाची दुरुस्ती चालू असताना भिंतीआड सापडलेली विसरलेली गुंडाळी, ती ऐकून अंगावरचे कपडे फाडणारा राजा. मग बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं देऊळ जाळलं, लोकांना धरून नेलं.

"आणि आता ऐक," गुरुजी म्हणाले. "अभ्यास करणारे आज म्हणतात की हा ग्रंथ एका हातचा नाही. निरनिराळ्या काळातल्या लोकांनी लिहिलेलं, जपलेलं, एकत्र ओवलेलं आहे. बरंचसं त्या परदेशवासात आणि त्यानंतर. तुझे सासरे म्हणतात मोशेनं लिहिलं. मी तुला दोन्ही सांगतोय. दोन्ही सांगायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं."

"तुम्ही कुठलं मानता?"

त्यांनी चष्मा पुसला. "मी सकाळी प्रार्थना करताना एक मानतो आणि दुपारी पुस्तक वाचताना दुसरं. सत्तर वर्षांत मला त्याचा त्रास झालेला नाही."

मोशेच्या मरणाबद्दल पंडितांनी काय म्हटलंय, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

आषाढात मावशींचा निरोप आला. श्रावणात दर सोमवारी दुपारी ओसरी माझी. चार सोमवार. मी माझी पाळी बदलून घेतली आणि घरी सांगितलं.

मामंजी उठून उभे राहिले. "तोरा काय गावच्या ओसरीवर सांगायची? आणि ती बाईनं?"

"हो."

"कुठल्या शास्त्रात आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी त्यांचंच, आमच्या धर्मग्रंथाचं मराठी भाषांतर असलेलं पुस्तक फळीवरून काढलं. अशी पुस्तकं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनऱ्यांनी मराठीत छापायला सुरुवात केली होती आणि आमच्या आजोबा-पणजोबांनी आपल्याच ग्रंथाची गोष्ट त्या परक्यांच्या छापखान्यातून वाचली होती. धर्म मात्र बदलला नव्हता. मी पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "परदेशवासातून लोक परत आले तेव्हा एज्रा नावाच्या शास्त्र्यानं सगळ्यांना चौकात जमवून तोरा वाचून दाखवली. लाकडी मंचावर उभं राहून. तिथे कोण जमले होते ते वाचा, मामंजी. पुरुष आणि बायका. दोन्ही लिहिलंय. आणि लोकांना जुनी भाषा कळत नव्हती, म्हणून त्यांच्या भाषेत समजावून सांगितली."

त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. "ते ऐकायला जमले होते. सांगायला नाही."

"मग मी पहिली," मी म्हटलं.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. भांडं आपटत नव्हते, रागावत नव्हते. नुसतं बोलणं बंद. मला रडू यायचं. पण जायचं नाही असं एकदाही मनात आलं नाही.

पहिल्या सोमवारी यजमान नदीपर्यंत आले. पवनेला पाणी होतं. मला नावेत बसवून ते काठावर उभे राहिले. ओसरीवर पंधरा-वीस बायका होत्या. मावशी भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून बसल्या होत्या. मला पाट दिला. माझ्यापुढे पोथी नव्हती हे बघून एक बाई कुजबुजल्या.

"पोथी हाताळायची नसते," मी सांगितलं. "आणि ती इथे आणताही येत नाही. मी जे शिकले ते सांगते."

सुरुवात डोंगरापासून करायची असं मी ठरवलं होतं, पण समोर बघितलं आणि कोकणापासूनच सुरू केलं. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला आले, जहाज फुटलं, सात जोडपी वाचली असं आम्ही सांगतो. ग्रंथ बुडाला. भाषा विसरली. ते तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. किती शतकं अशी गेली, कुणालाच ठाऊक नाही. मग आमच्या धर्माचा एक शिकलेला माणूस तिथे आला. हे खरंच आपले लोक का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी खवलं आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला टाकले. तोरामध्ये तसंच लिहिलंय. त्यांनी ती वाचलेली नव्हती.

"म्हंजी पोथी बुडाली आन चुलीपाशी राह्यली," मावशी म्हणाल्या.

एवढं नेमकं मला गुरुजींनीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी मिसरची गुलामी आणि डोंगर. तिसऱ्या सोमवारी देऊळ जळालं आणि लोक बाबेलला गेले, ते सांगितलं. देऊळ नाही, होम नाही, राजा नाही. मग त्यांच्याकडे काय उरलं? ऐकलेलं. ते त्यांनी गोळा केलं, लिहिलं, वाचायला लागले. पुढे परत आले, दुसरं देऊळ बांधलं, तेही रोमी फौजेनं जाळलं. तेव्हा पंडितांनी एका लहान गावात शाळा मांडली. देवळाच्या जागी अभ्यास आला. त्यांचे वाद, एकाचं म्हणणं, दुसऱ्याचं म्हणणं, सगळं तोंडपाठ ठेवलं आणि मग लिहून काढलं. त्यातून मिश्ना झाली, तिच्यावरच्या चर्चेतून तल्मूद.

मावशी एकदम म्हणाल्या, "त्येंचं देऊळ गेलं, त्येंनी पोथी जमवली. आमची नदीच्या पल्याडली जिमीन तुमच्या कारखान्याच्या वसाहतीला गेली. आमी काय जमवावं?"

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे मी म्हटलं, "मला नाही माहीत, मावशी." त्यांच्या सुनेनं विषय बदलून चहा आणला.

पण बुधवारी त्या ड्रेसिंगला आल्या तेव्हा बाकावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "कागद घ्या. लिवा."

"काय लिहू?"

"वावरांची नावं. पोरास्नी ठावं न्हाईत. चिंचंचं टिकान. खालला मळा. म्हसोबाची पट्टी. दगडी. येशीकडलं. धाकल्याचं वावर, माजा दीर तितं मेला." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. कुठल्या वावरात काय पिकायचं, कुणाच्या बांधाशी भांडण होतं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड. मागे पेशंटांची रांग लागली होती. डॉक्टरांनी दारातून डोकावून पाहिलं. मी थांबले नाही. दोन पानं भरली. मावशींनी कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि मग पाय पुढे केला.

चौथ्या सोमवारच्या आदल्या दिवशी, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, मामंजी आपण होऊन बोलले. त्यांच्या मांडीवर ते मराठी पुस्तक होतं आणि हातात भिंग.

"सकाळपासून मध्यान्हापर्यंत उभे राहून ऐकलं लोकांनी, असं लिहिलंय इथे," ते म्हणाले.

"हो मामंजी."

"तुला किती वेळ देतात?"

"दोन तास."

"कमी आहे," ते म्हणाले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरानं तोंड पुसलं.

शेवटच्या दुपारी ओसरी भरली आणि बायका अंगणातही बसल्या. त्या दिवशी मी वर्षभर उरात धरून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "मावशी, तुम्ही विचारलंत की मोशे मेला ते कुणी लिहिलं. आमच्या पंडितांनी त्यावर वाद घातला. एक म्हणाला, शेवटच्या आठ ओळी मोशेनं नाही, त्याच्या मागून पुढारी झालेल्या शिष्यानं लिहिल्या. दुसरा म्हणाला, असं कसं? गुंडाळीतलं एक अक्षरही कमी असेल तर ती पुरी कशी म्हणायची? मोशेनंच लिहिल्या. देव सांगत होता, हा तोंडानं म्हणत म्हणत लिहीत होता. आपलं मरण आलं तेव्हा मात्र तो काही बोलला नाही, डोळ्यांतून पाणी गाळत लिहीत राहिला. आणि आजचे शिकलेले लोक म्हणतात, आख्खा ग्रंथच पुष्कळ हातांचा आहे."

"मग निकाल काय लागला?" पुढे बसलेल्या शाळामास्तरांच्या बायकोनं विचारलं. एरवी ओसरीवर पोथी त्याच वाचायच्या.

"निकाल नाही लागला. पंडितांचं म्हणणं तल्मूदमध्ये शेजारी शेजारी लिहून ठेवलंय."

"हरल्याचं बी ठिवलं?" मावशींनी विचारलं.

"हरल्याचं पण."

त्यांनी दुखरा पाय जरा जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मला त्यो रडत लिवल्याला पटतुया. मरताना सांगायचं लई राहिल्यालं असतं मानसाचं." एका बाईला हे पटलं नाही. ती म्हणाली, चेल्यानंच लिहिलं असणार, गुरूचं पुरं करणं हे चेल्याचं काम. दुसरी तिला उलटली. दहा मिनिटं ओसरीवर असा कल्ला झाला की मी आ वासून बघत राहिले. पिंपळे गुरवच्या बायका माझ्या पंडितांचा वाद पुढे चालवत होत्या आणि त्यांच्यातल्या एकीलाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गुरुजींना हे सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी वही काढली आणि कुठली बाई काय म्हणाली ते टिपून घेतलं.

मग म्हणाले, "आता पुढे काय?"

"पुढे म्हणजे?"

"आपली माणसं इस्राएलला निघालीत. दर महिन्याला एखादं कुटुंब ट्रंका बांधतं. जाणारे तिकडे शिकतील. राहतील त्यांना कोण शिकवणार? माझे डोळे चाललेत."

घरी येऊन मी यजमानांना, आपण जायचं का, असं विचारलं. त्यांच्याही मनात जायचं होतं, त्यांचा चुलतभाऊ गेला होता आणि तिकडून बोलावत होता. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा त्यावर सरळ बोललो. मी म्हटलं, "तुम्हाला जायचं असेल तर पाच वर्षांनी बोलू. आता मला इथे काम आहे. राहतील त्यांच्या मुलांना शिकवायचंय." ते म्हणाले, "बाकडी किती लागतील?"

कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांपासून त्यांनी दोन बाकडी केली. खडकी, देहूरोड आणि पिंपरी मिळून आमची मोजकीच घरं. सहा मुली आल्या, मग मुलग्यांच्या आयांनी विचारलं तेव्हा मुलगेही आले. मामंजी सगळ्यांना शेमा म्हणायला लावायचे, उच्चार चुकला की दहादा. एकदा गुरुजी गाडीनं परीक्षा घ्यायला आले आणि ते दोघं म्हातारे मोशेनं स्वतःच्या हातानं किती लिहिलं यावरून दुपारभर भांडले. मुलं खेळायला पळाली तरी यांचं संपेना.

वर्ग नऊ वर्षं चालला. गुरुजी गेले, नंतर दोन वर्षांनी मामंजी. मावशींची जखम भरली, पण पुढे त्याही गेल्या. आमचं जाणं झालं नाही. मुलं एकेक करून आईबापांबरोबर जहाजावर चढली. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थीण होती. राजगुरुनगरला नोकरीमुळे राहणारी, चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. दर रविवारी एसटीनं यायची. पहिल्या दिवशी संकोचून म्हणाली, "ताई, माझ्या एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप?"

मी तिला बाकड्यावर बसवलं, खडू घेतला आणि पाटीवर अलेफ काढला.